टेप आधी, मशीन नंतर

कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकली की हात आपोआप त्या फटीकडे जातो. झडप बोटाने वर करायची, दिसेल तो कोपरा पकडायचा आणि ओढायचं. कृपा करून तसं करू नका. ओढल्यावर प्लास्टिकचं खोकं कदाचित बाहेर येईलही, पण टेप त्या वेळी खोक्यात नसते. ती मशीनच्या पोटात, ड्रमभोवती गुंडाळलेली असते. एका बाजूने तुम्ही तिला खेचत असता आणि दुसऱ्या बाजूने आतल्या खुंट्या तिला अडवून धरत असतात. तुटते किंवा चुरगळते ती टेप. खोक्याला काहीच होत नाही.

हे आज मुद्दाम लिहितेय, कारण माळ्यावरच्या कॅसेट सध्या घरोघरी खाली उतरताहेत. आई-वडील गेल्यावर त्यांचं घर आवरायला घेतलं जातं, किंवा इमारत पुनर्विकासाला जायची असते, आणि जुन्या चादरीच्या गाठोड्यात कॅसेट सापडतात. पाठीवर शाईने लिहिलेलं असतं : ‘दादाची मुंज’, ‘ताईचं लग्न, भाग २’. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला व्हीसीआरही निघतो. वायरी जोडल्या जातात, दिवा लागतो, सगळे खूश होतात आणि सगळ्यांत जिवाची कॅसेट सगळ्यांत आधी आत सरकवली जाते. पंधरा-वीस वर्षं न चाललेल्या मशीनमध्ये!

त्या मशीनमध्ये काय चालतं ते एकदा नीट समजून घेऊ. या कॅसेट व्हीएचएस पद्धतीच्या असतात; ही पद्धत जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. कॅसेट आत गेली की मशीन तिची पुढची झडप उचलतं. टेपच्या मागे दोन खुंट्या उभ्या असतात. त्या टेपला घेऊन पुढे सरकतात आणि ६२ मिलिमीटर व्यासाच्या, किंचित तिरप्या बसवलेल्या चकचकीत ड्रमभोवती तिचा अर्ध्याहून थोडा जास्त वेढा घालतात. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन बारीक हेड बसवलेले असतात आणि दर फेऱ्याला ते टेपवरच्या दोन तिरप्या रेघा वाचतात. एकेक रेघ मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाइतकी रुंद. ड्रम असा गरगरत असताना टेप मात्र अगदी सावकाश, सेकंदाला सुमारे २.३४ सेंटीमीटर, पुढे सरकते. तिला ओढतो तो कॅपस्टन, म्हणजे बारीक पोलादी दांडा, आणि त्याला दाबून फिरणारा रबरी रोलर. या दोघांमधून पुढे आलेली टेप दुसऱ्या रिळाने लगेच गोळा करायची असते.

गोळा करणारं हे रीळ थांबलं आणि कॅपस्टन फिरतच राहिला, तर टेप आतल्या आत साचते, रोलरला वेढे घेते आणि चुरगळते. ‘मशीनने टेप खाल्ली’ म्हणतात ते हेच. रीळ थांबतं ते बहुधा रबरामुळे. रिळाला फिरवणाऱ्या चाकाची रबरी धाव कडक होऊन घसरायला लागते, बेल्ट सैल पडतो, काही मशीनमध्ये तर तो वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. खुंट्या ज्या खाचांतून पुढेमागे सरकतात, तिथलं ग्रीस वाळून घट्ट होतं. खुंट्या कुठवर आल्यात हे मशीनला सांगणारा एक लहानसा स्विच असतो, त्यावर काजळी धरली की मशीनला स्वतःचाच पत्ता लागत नाही. शिवाय कॅसेटवरचं अर्धवट सुटलेलं लेबल. एकावर एक तीन लेबलं चिकटवलेली कॅसेट तर मी कुठल्याच मशीनमध्ये घालू देणार नाही.

आमच्या शेजारच्या मावशींची कॅसेट अडकली ती या रबरापायी. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न, साल १९९३. मावशींची आई त्यात आहे, आणि तिचा चालता-बोलता असा दुसरा काहीही पुरावा घरात नाही. फोटो पुष्कळ आहेत. फोटोत ती खुर्चीवर ताठ बसलेली, डोक्यावरून पदर. पण ती बोलायची कशी, चालताना डाव्या पायावर भार कसा द्यायची, हे पुढच्या पिढीतल्या कुणी पाहिलेलं नाही. भाच्याने हौसेने व्हीसीआर जोडला. वऱ्हाड हॉलच्या दाराशी आलं, तेवढ्यात चित्रावर पांढरे पट्टे धावले, आतून करकर आवाज आला आणि पडदा निळा झाला. भाच्याने मशीन बंद केलं, भिंतीतली पिन काढली आणि बाहेर काढायचं बटण पुन्हा दाबायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटतं.

बटणाबद्दल नेमकं सांगायला हवं. चित्र नीट चालू होतं, कसलाही आवाज आला नाही आणि कॅसेट नुसती बाहेर यायला तयार नाही, असं असेल तर पिन काढायची, पाचएक मिनिटं थांबायचं आणि पुन्हा लावायची. बरीच मशीन वीज आल्यावर आपल्या खुंट्या मूळ जागी नेऊन कॅसेट स्वतःच बाहेर ढकलतात. हा उपाय एकदाच करायचा. करकर ऐकू आली, किंवा झडपेतून टेपचा लोंबता पदर दिसला, तर तोही करायचा नाही. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर मोटर आणखी थोडी टेप रोलरखाली ढकलते.

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास पूर्वी व्हीसीआर दुरुस्त करणारे बरेच होते. त्यांतले एक काका आता सत्तरीच्या पुढचे आहेत, दुकान बंद केलंय, पण हत्यारांची पेटी घरी आहे. ते आले. मशीन टेबलावर घेतलं, खाली पांढरा टॉवेल अंथरला, म्हणजे पडलेला स्क्रू हरवत नाही. वरचं झाकण काढण्याआधी पिन काढलेली आहे ना, हे त्यांनी वायर हातात धरून स्वतः पाहिलं. वीजपुरवठ्याच्या कप्प्याकडे बोट दाखवून भाच्याला म्हणाले, “इथे हात लावायचा नाही. पिन काढली तरी या कपॅसिटरांत चार्ज राहतो.”

मग मावशींकडे वळले. “वहिनी, एक आधीच विचारतो. मशीन पाहिजे की कॅसेट?”

“कॅसेट, भाऊ. मशीन गेलं तर गेलं.”

“मग झालं,” ते म्हणाले. “आता घाई कुणीच करायची नाही.”

मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आधी विचारला जात नाही. मशीन दुरुस्त करणारा आणि टेप वाचवणारा हे एकाच हाताने काम करत असले, तरी त्यांचे निर्णय वेगळे होतात. मशीन वाचवायचं असेल तर माणूस टेप कापून मोकळा होतो, कारण पाच मिनिटांचं काम. टेप वाचवायची असेल तर प्लास्टिकचं गिअर मोडलं तरी हरकत नाही, कॅसेटचा पिंजरा अख्खा स्क्रू काढून उचलला तरी हरकत नाही. दुरुस्तीला देताना आपल्याला काय हवंय हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. समोरचा माणूस ते ओळखून घेईल, यावर विसंबू नये.

झाकण उघडल्यावर दिसलं की खुंट्या पुढेच होत्या, ड्रमभोवती टेपचा वेढा तसाच, आणि रोलरपाशी टेप साडीच्या निऱ्यांसारखी चुणून बसलेली. काकांनी आधी तिथे हात घातला. स्क्रू ड्रायव्हर नाही. पोलादाला चुंबकाचा गुण लागलेला असतो आणि धार तर असतेच. त्यांनी बांबूची एक गुळगुळीत काडी घेतली, हातात सुती मोजे घातले आणि रोलर स्प्रिंगच्या विरुद्ध किंचित मागे सारून एकेक चुणी दांड्यावरून खाली उतरवली. टेपची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. ती ताणली गेली तर पुन्हा मूळ मापावर येत नाही. नुसती घडी पडली तर शेजारचं चित्र शाबूत राहतं.

नंतर खुंट्या मागे न्यायच्या. त्यांना हलवणारी छोटी मोटर असते, तिच्या पुढे वर्म गिअर. काकांनी मोटरची चकती बोटाच्या टोकाने अर्धा फेरा फिरवली आणि थांबून खुंट्यांकडे पाहिलं. पुढे सरकतात की मागे? मागे सरकल्या म्हणजे दिशा बरोबर. मग पुन्हा दोन-तीन फेरे, पुन्हा थांबणं. खुंट्या मागे येतात तशी टेप सैल पडते, आणि ती सैल टेप लगेच कॅसेटमध्ये घ्यावी लागते, नाहीतर झडप मिटताना ती कडेत सापडते. त्यासाठी त्यांनी मशीन कुशीवर वळवलं आणि खालचं मोठं चाक हाताने फिरवलं. त्याबरोबर वरचं रीळ फिरलं आणि टेप आत गेली. पुन्हा चकती, पुन्हा चाक. एका जागी चकती अडली. तिथे त्यांनी जोर दिला नाही. टॉर्च मारून पाहिलं, खाचेतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं, ते काडीने खरवडून काढलं आणि खुंटी सुटली. इथे जोर दिला असता तर गिअरचा दात गेला असता आणि खुंटी अर्ध्या वाटेवर कायमची बसली असती.

ड्रमवर मात्र टेप थोडी चिकटली होती. पावसाळ्यात हे हमखास होतं. गार खोलीतून मशीन दमट हवेत आणलं की चकचकीत ड्रमवर दव धरतं आणि ओली टेप त्याला चिकटते. काही मशीनमध्ये त्यासाठी दवाचा सेन्सर असतो, तो लागला की मशीन चालूच होत नाही, आणि ते बरोबरच आहे. काकांनी नख लावलं नाही. खोलीतला पंखा लावून सगळं तसंच ठेवलं आणि चहा मागितला. नंतर ड्रमची फक्त वरची कड दोन बोटांत धरून तो हळू फिरवला, तशी टेप आपली आपण सुटली. ड्रमच्या कडेच्या हेडना बोट लागू द्यायचं नाही. ते फेराइटचे असतात आणि काचेसारखे ठिसूळ. कानात घालायच्या कापसाच्या काडीने हेड वर-खाली पुसायची सवय अनेकांना आहे, आणि तिच्यापायी पुष्कळ हेड तुटलेत. पुसायचंच तर धागे न सुटणारं कापड अल्कोहोलमध्ये किंचित ओलं करून ड्रमला स्थिर धरायचं आणि ड्रम फिरवायचा.

कॅसेट बाहेर आली. मावशींनी ती पदरात घेतली.

चुरगळलेला भाग वीतभर होता. हिशेब करा : सेकंदाला २.३४ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर टेपमध्ये आठ-नऊ सेकंद. ऐकायला थोडं वाटतं. पण आठ-नऊ सेकंदांत एक उखाणा घेऊन होतो. म्हणून ‘थोडीशी टेप कापून टाकू’ असं कुणी सहज म्हटलं की मी अस्वस्थ होते. मीटरभर टेप कापली तर पाऊण मिनिट जवळजवळ गेलं.

आणि नुकसान कुठे झालंय हेही पाहावं. व्हीएचएस टेप अर्धा इंच रुंद. तिच्या वरच्या कडेने आवाजाची सरळ पट्टी धावते, खालच्या कडेने नियंत्रणाची, आणि मधल्या रुंद भागात चित्राच्या तिरप्या रेघा. वरची कड दुमडली असेल तर चित्र राहून आवाज फाटतो. खालची कड दुमडली तर मशीनला रेघा कुठे सुरू होतात ते कळत नाही आणि चित्र थरथरतं. मावशींच्या कॅसेटची खालची कड दुमडली होती. काकांनी कॅसेटच्या कडेवरची कळ दाबून झडप उघडली, तळाच्या मधल्या भोकात काडी घालून रिळांचं कुलूप सोडवलं, वीतभर टेप स्वच्छ काचेवर पसरून मोज्यातल्या बोटाने हलकेच सपाट केली आणि हाताने रीळ फिरवून तो भाग पलीकडे नेला. घडी पडलेली टेप हेडवरून न्यायची नाही, तिने हेडचा टवका उडू शकतो.

टेप तुटलीच असेल तर? साधी चिकटपट्टी अजिबात नको. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि शेवटी हेडवर जातो. टेप जोडायची खास पट्टी असते, तीही टेपच्या पाठीला, म्हणजे कॅसेटच्या आतल्या बाजूला, लावायची. बाहेरची बाजू हेडला लागते. त्याहून बरं म्हणजे दोन तुकडे दोन रिकाम्या कॅसेटच्या खोक्यांत बसवून वेगवेगळे उतरवून घ्यायचे. खोक्याच्या तळाला पाच स्क्रू असतात. ते काढण्याआधी आणि वरचं झाकण उचलल्याबरोबर फोटो काढून ठेवा, कारण आतली स्प्रिंग आणि टेपचा रस्ता नंतर आठवत नाही. कामचलाऊ खोकं हवं असेल तर बाजारातून आणलेल्या एखाद्या जुन्या हिंदी सिनेमाच्या कॅसेटचं घ्या.

मशीन उघडून चालवून पाहताना एक गोष्ट गोंधळात टाकते, म्हणून सांगते. कॅसेटच्या मध्यात एक बारीक दिवा शिरतो आणि दोन्ही बाजूंना त्याचा प्रकाश टिपणारे सेन्सर असतात. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी जोडलेली असते. तिच्यातून उजेड पलीकडे गेला की मशीनला कळतं, टेप संपली. झाकण काढलेलं असताना खोलीतला ट्यूबलाइटचा उजेड त्या सेन्सरवर पडतो आणि मशीन चालता चालता थांबतं. लोकांना वाटतं, अजून बिघाड आहे. वर पुठ्ठा धरला की चालू होतं.

अडकायच्या आधी काय पाहावं, तेही सांगते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे पाहा. टेपच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटना ती लागतेच लागते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. बुरशी टेपचे वेढे एकमेकांना चिकटवून ठेवते, टेप फाटते, आणि हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवावी, उघडताना नाकातोंडाला मास्क लावावा आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. चांगल्या कॅसेटही उभ्या ठेवाव्या, टेप पूर्ण एका रिळावर गुंडाळून. आणि पुन्हा एकदा : माळ्यावरून काढलेल्या मशीनमध्ये आधी अशी कॅसेट घाला, जी गेली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही. ती पुढे पळवा, मागे पळवा, बाहेर काढा, तिची टेप उजेडात धरून कडा पाहा. कडा सरळ असतील तरच पुढचं.

एवढी काळजी का, याचं कारण साधं आहे. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर भाड्याने मिळायला लागले, गणपतीत मंडळांसमोर रात्री सिनेमे लागायला लागले, आणि त्या लाटेतच लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आलं. त्याआधीच्या पिढ्यांमध्ये चालता-बोलता माणूस फितीवर असणं हा श्रीमंतांचा किंवा नटांचा मामला होता. या कॅसेटनी तो शाळामास्तरांच्या आणि गिरणी कामगारांच्या घरी आणला. अंतरपाट धरताना हात थरथरणारे मामा, पंगतीत आग्रह करणारी आत्या, मांडवात मध्येच येऊन कॅमेऱ्याकडे टक लावून उभं राहिलेलं पोर. शूटिंगवाला बहुधा मूळ टेप पुन्हा वापरायचा, त्यामुळे घरी दिलेली कॅसेट हीच एकमेव प्रत. तिची निगेटिव्ह कुठे नाही.

आणि तिला वाचणारं यंत्र आता कुणी बनवत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आदल्या वर्षी तिने साडेसात लाख मशीन विकली होती, तरी सुटे भाग मिळेनात. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय टेपबद्दल जाहीर इशारा दिला : टेप कदाचित टिकतील, पण त्या वाजवणारी यंत्रं, त्यांचे भाग आणि ती जाणणारी माणसं संपत चालली आहेत. घरातल्या कॅसेटना हा इशारा जास्तच लागू पडतो, कारण त्यांच्यासाठी कोणतंही संग्रहालय नाही. घरातलं कुणी करेल तेवढंच.

तेव्हा या कॅसेट डिजिटल स्वरूपात उतरवून घ्या. दुकानदार डीव्हीडी देऊ करेल, तर त्याच्याकडे फाइल मागा, कारण डीव्हीडीही काही वर्षांत वाचता येईनाशी होऊ शकते. दोन ठिकाणी ठेवा. आणि उतरवून झालं म्हणून कॅसेट फेकू नका. पहिल्या उतरवणीत ट्रॅकिंग चुकलेलं असतं, आवाज एका बाजूलाच आलेला असतो, पुन्हा करावं लागतं. मावशींच्या कॅसेटचं तेच झालं. पहिल्या खेपेला चित्र आलं आणि आवाज गुरगुरत आला. काकांनी दुसरं मशीन मिळवलं, आवाजाच्या हेडचा कोन त्या टेपला जुळवून घेतला आणि मग आई बोलली. विहिणीला ‘बसा हो, दमला असाल’ म्हणते, एवढंच. मावशींच्या नातीने ते वाक्य फोनवर परत परत लावलं.

ते दुसरं मशीन कुठून आलं, हे सांगायचं राहिलं. एका बंद पडलेल्या व्हीसीआरमधून रबरी रोलर घेतला, दुसऱ्यातून बेल्ट, ड्रम तिसऱ्यातला. काकांकडे भंगारवाल्याकडून सोडवून आणलेली अशी मशीन खाटेखाली रचून ठेवलेली आहेत आणि त्यांना आणखी हवी आहेत. तुमच्याकडे बंद पडलेला व्हीसीआर असेल तर ई-कचऱ्यात देण्याआधी तुमच्या गावातल्या जुन्या टीव्ही-रेडिओ मेकॅनिकला एकदा विचारा. झाकण उघडलेलं असलं तरी चालेल, रिमोट नसला तरी चालेल. आत कॅसेट अडकलेली असेल तर ती तशीच राहू द्या आणि देताना तेवढं सांगा.